साम्यवादोत्तर देशांतील अर्थशास्त्रज्ञांसाठी संशोधन अधिछात्रवृत्त्या

पूर्व यूरोपातील व पूर्वीच्या सोव्हिएट संघातील जे देश १९८९ ते १९९१ या काळात साम्यवादी राजवटीतून बाहेर पडले, त्यांतील अर्थशास्त्रज्ञांना संशोधन, उच्च अध्ययन व अध्यापन यांसाठी ठराविक मुदतीपुरते दिले जाणारे निर्वाहवेतन आणि त्यासोबतचे प्रवासखर्च, ग्रंथालय-सुविधा, तज्ञांचे मार्गदर्शन इ. स्वरूपाचे साहाय्य, यांस ही संज्ञा सामान्यतः लावतात. असे साहाय्य देणाऱ्या संस्थांत परदेशी सरकारे, यूरोपीय संघ, जागतिक बँक, खाजगी प्रतिष्ठाने आणि पुढेपुढे त्या देशांतच उभ्या राहिलेल्या संशोधनसंस्था यांचा समावेश होतो. शिष्यवृत्ती विद्यार्थ्याला पदवीसाठी मिळते, तर अधिछात्रवृत्ती ही ज्याचे शिक्षण बहुतांशी पुरे झाले आहे अशा अभ्यासकाला स्वतंत्र कामासाठी मिळते, असा भेद एरवी केला जातो. प्रस्तुत संदर्भात मात्र तो काटेकोरपणे पाळता येत नाही. कारण वीस वर्षे अध्यापन केलेल्या प्राध्यापकांनाही येथे पुन्हा विद्यार्थी व्हावे लागले.

असे का झाले, हे समजण्यासाठी साम्यवादी राजवटीतील अर्थशास्त्राची स्थिती पाहिली पाहिजे. भौतिकी वा गणित यांचे तेथील अध्ययन जागतिक दर्जाचे होते. १९९१ नंतर त्या शास्त्रज्ञांपुढे प्रश्न होता तो पैशाचा. अर्थशास्त्रापुढील प्रश्न पैशाचा तर होताच, पण त्याहून अधिक तो विषयाच्या अस्तित्वाचा होता. विद्यापीठांतून ‘राजकीय अर्थशास्त्र’ या नावाने जे शिकविले जाई, ते मार्क्स-लेनिनवादी सिद्धांताचे विवरण असे. किंमत, बेकारी, चलनवाढ, दिवाळखोरी हे विषय भांडवलशाहीचे दोष म्हणून अभ्यासक्रमात येत. स्वतःच्या देशाच्या संदर्भात त्यांची मोजमापे घेण्याची सोय नव्हती व बरीच आकडेवारी गोपनीय असे. अपवाद होता तो गणिती पद्धतींचा. नियोजनास उपयुक्त या सबबीखाली त्यांना आश्रय मिळाला आणि १९६३ मध्ये मॉस्को येथे मध्यवर्ती अर्थशास्त्रीय-गणितीय संस्था स्थापन झाली. लिओनिद कांटरोव्हिच (१९१२–८६) यांना १९७५ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, ते याच परंपरेतील कामासाठी. पण रेषीय प्रायोजनाची गणिते सोडविणारा तज्ञ आणि नव्याने मोकळ्या झालेल्या बाजारपेठेत भाव का भडकले हे सांगू शकणारा तज्ञ, यांत अंतर आहे. १९९० च्या सुमारास दुसऱ्या प्रकारच्या तज्ञांची गरज एकाएकी आणि एकाच वेळी सर्व देशांत उत्पन्न झाली. [⟶ नियोजन, आर्थिक].

या अधिछात्रवृत्त्यांना पूर्वेतिहास आहे. दोन महायुद्धांमधील काळात रॉकफेलर प्रतिष्ठानने मध्य यूरोपातील होतकरू अर्थशास्त्रज्ञांना परदेशी अभ्यासासाठी अधिछात्रवृत्त्या दिल्या. पोलंडचे ऑस्कर लांगे (१९०४–६५) १९३४ मध्ये अशा अधिछात्रवृत्तीवर इंग्लंड व अमेरिका येथे गेले आणि समाजवादी अर्थव्यवस्थेत किंमतींचे कार्य कसे चालू शकेल, यावरील आपला विख्यात निबंध त्यांनी त्याच वास्तव्याच्या काळात लिहिला. त्यांचेच देशबांधव मिखाउ कालेत्स्की (१८९९–१९७०) यांना १९३६ मध्ये ती मिळाली. ते प्रथम स्वीडनला व नंतर इंग्लंडला गेले. दोघेही युद्धोत्तर काळात साम्यवादी पोलंडमध्ये परतले. पन्नाशीच्या दशकात भारताच्या पंचवार्षिक योजनांची आखणी चालू असता कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने ज्या परदेशी तज्ञांना पाचारण केले, त्यांत हे दोघेही होते. भांडवलशाही जगातील एका धनिकाच्या देणगीवर शिकलेले हे विद्वान समाजवादी नियोजनाचे भाष्यकार ठरले, ही गोष्ट अधिछात्रवृत्ती देणाऱ्यांनी व तिच्याविषयी संशय बाळगणाऱ्यांनी, दोघांनीही, ध्यानात ठेवण्याजोगी आहे. अधिछात्रवृत्तीने साधने मिळतात. ती कोठे वापरावयाची हे घेणारा ठरवितो.

शीतयुद्धाच्या काळात ही वाट अरुंद झाली, परंतु बंद झाली नाही. पोलंडमध्ये १९५६ च्या ऑक्टोबरातील सत्तांतरानंतर वातावरण काहीसे सैल होताच फोर्ड प्रतिष्ठानने १९५७ मध्ये तेथील सामाजिक शास्त्रे व मानव्यविद्या यांच्या अभ्यासकांना पश्चिमेकडे नेण्याचा कार्यक्रम सुरू केला. १९५८ च्या जानेवारीत अमेरिका व सोव्हिएट संघ यांच्यात सांस्कृतिक व शैक्षणिक देवाणघेवाणीचा करार झाला. १९६८ मध्ये अमेरिकेतील विद्यापीठांच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय संशोधन व विनिमय मंडळ स्थापन होऊन या व्यवहाराला स्थिर रूप आले. या सर्व व्यवहारात वादाचा मुद्दा एकच असे : माणूस निवडावयाचा कोणी? देणाऱ्या संस्थेला स्वतः मुलाखती घेऊन गुणवान व्यक्ती हवी असे. पाठविणाऱ्या सरकारला विश्वासू व्यक्ती हवी असे. करारान्वये होणाऱ्या देवाणघेवाणीत नामनिर्देशनाचा अधिकार पाठविणाऱ्या सरकारकडेच होता. परिणामी सोव्हिएट संघाने मुख्यतः निसर्गविज्ञाने व तंत्रविद्या यांतील तरुण धाडले आणि अमेरिकेतून उलट दिशेने आले ते बव्हंशी इतिहास व साहित्य यांचे अभ्यासक.

हंगेरियन अर्थशास्त्रज्ञ यानोश कोर्नाई (१९२८–२०२१) यांचे चरित्र या काळाचे चांगले उदाहरण आहे. प्रशासनाच्या अतिकेंद्रीकरणावरील त्यांचा प्रबंध १९५६ मध्ये मान्य झाला, १९५७ मध्ये हंगेरियनमध्ये व १९५९ मध्ये ऑक्सफर्डहून इंग्रजीत प्रसिद्ध झाला. दरम्यान, १९५८ मध्ये, राजकीय मतांमुळे त्यांना आपल्या संस्थेतील जागा गमवावी लागली. पाश्चात्त्य अर्थशास्त्रज्ञांत नाव झालेले असूनही १९६३ पर्यंत त्यांना पश्चिमेकडे जाण्याची अनुज्ञा मिळाली नाही. त्या वर्षी केंब्रिज येथील एका परिषदेला ते गेले व पुढील वर्षी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी काही काळ काम केले. समाजवादी अर्थव्यवस्थेतील तुटवडा हा नियोजनातील चुकांचा नव्हे, तर त्या व्यवस्थेच्या रचनेचाच परिणाम आहे, असे प्रतिपादन करणारा त्यांचा द्विखंडात्मक ग्रंथ १९८० मध्ये बाहेर आला. त्याचे बरेचसे लेखन स्टॉकहोममधील वास्तव्यात झाले होते. ज्या गोष्टी त्यांनी बूडापेस्टच्या दुकानांपुढील रांगांत पाहिल्या होत्या, त्या मांडण्यास लागणारी सवड व निर्भयता त्यांना परक्या देशात लाभली. पुढे ते हार्व्हर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले, तरी त्यांनी हंगेरीतील आपली संस्था सोडली नाही. वर्षाचा काही भाग ते तेथेच काढीत.

१९८९ नंतरच्या आर्थिक सुधारणांचे काही सूत्रधारही याच अरुंद वाटेने जाऊन आले होते. चेकोस्लोव्हाकियाचे अर्थमंत्री व पुढे चेक प्रजासत्ताकाचे पंतप्रधान आणि राष्ट्राध्यक्ष झालेले व्हाट्स्लाव्ह क्लाउस १९६६ मध्ये इटलीत व १९६९ मध्ये अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात शिकले होते. पोलंडचे लेशेक बाल्त्सेरोविच यांनी १९७४ मध्ये न्यूयॉर्क येथे व्यवसाय-व्यवस्थापनाची पदवी घेतली. १९७८ पासून त्यांच्याभोवती जमलेल्या अनौपचारिक अभ्यासगटाची टिपणे १ जानेवारी १९९० रोजी अंमलात आलेल्या सुधारणा-योजनेच्या मुळाशी होती. अशांची संख्या थोडी होती. पण थोड्यांनी किती फरक पडतो, हे एकदा दिसल्यावर पुष्कळांना पाठवावे ही कल्पना सर्वांनाच सुचली.

१९८९ च्या अखेरीपासून पश्चिमेकडून मदतीचा पूर आला. यूरोपीय समाजाने पोलंड व हंगेरी यांच्या पुनर्रचनेसाठी ‘फार’ हा कार्यक्रम काढला व लवकरच तो इतर देशांना लागू केला. त्याच्या छत्राखाली अर्थशास्त्रातील सहकार्यासाठी ‘एस’ नावाची एक स्वतंत्र योजना होती. तीतून पूर्वेकडील अर्थशास्त्रज्ञांना पाश्चात्त्य संस्थांत काही महिने राहून संशोधन करण्यासाठी अधिछात्रवृत्त्या, तसेच दोन्हीकडील संशोधकांच्या संयुक्त प्रकल्पांना अनुदाने दिली जात. विद्यापीठांच्या सहकार्यासाठी १९९० मध्ये ‘टेंपस’ कार्यक्रम निघाला. अमेरिकन काँग्रेसने १९९२ मध्ये पूर्वीच्या सोव्हिएट संघातील पदवीधरांसाठी सेनेटर एडमंड मस्की यांच्या नावाने अधिछात्रवृत्त्या सुरू केल्या, त्यांतही अर्थशास्त्राला मोठा वाटा होता. त्याच वर्षी व्हिएन्ना येथे आंतरराष्ट्रीय नाणेनिधी, जागतिक बँक व इतर संस्थांनी मिळून अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी संयुक्त संस्था काढली. हंगेरीत जन्मलेले अमेरिकन वित्तव्यावसायिक जॉर्ज सोरोस यांच्या देणगीतून १९९१ मध्ये मध्य यूरोपीय विद्यापीठ स्थापन झाले. बूडापेस्ट येथील त्याच्या अर्थशास्त्र विभागात साम्यवादोत्तर देशांतील विद्यार्थी अधिछात्रवृत्तीवर शिकू लागले. १९९२ मध्ये बर्लिनच्या धर्तीवर बूडापेस्टमध्ये ‘कोलेगियम’ ही प्रगत अध्ययनसंस्था निघाली. तेथे निवड झालेल्या अभ्यासकास एक वर्ष राहण्याजेवण्याची सोय, ग्रंथ आणि पूर्ण स्वातंत्र्य मिळे. कोर्नाई तिचे स्थायी अधिछात्र होते. ही संस्था २०११ मध्ये बंद झाली.

या साऱ्या योजनांनी काय साधले? वैयक्तिक लाभ निःसंशय झाला. मात्र, पाचसहा वर्षांतच एक अडचण स्पष्ट झाली. परदेशी गेलेले परतत नव्हते, आणि परतलेले विद्यापीठात राहत नव्हते. रशिया व युक्रेन येथे चलनवाढीने प्राध्यापकाचे वेतन इतके निकृष्ट झाले होते, की अध्यापन हा निर्वाहाचा व्यवसायच उरला नाही. सोरोस यांनी १९९२ मध्ये स्थापन केलेल्या आंतरराष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने पूर्वीच्या सोव्हिएट संघातील निसर्गशास्त्रज्ञांना प्रत्येकी ५०० डॉलर एवढी एकवार मदत दिली, ती अनेकांच्या वर्षभराच्या वेतनाहून मोठी होती, यावरून परिस्थितीची कल्पना येते. ज्याला आधुनिक अर्थशास्त्र व इंग्रजी येते, त्याला नव्याने निघालेल्या बँका, हिशेब-तपासणीच्या परदेशी पेढ्या व सल्लागार-संस्था कितीतरी पटींनी अधिक पगार देत. म्हणजे अधिछात्रवृत्ती जितकी चांगली, तितका तो अभ्यासक विद्यापीठाला दुर्मीळ. त्यातून दोनचार महिन्यांच्या छोट्या भेटींनी आणखी एक प्रकार रूढ झाला. काही हुशार माणसे एका भेटीहून दुसऱ्या भेटीला जात राहिली आणि अर्ज लिहिण्याचे कसब हेच त्यांचे मुख्य संशोधन होऊन बसले. [⟶ बुद्धिवंतांचे देशांतर].

याच काळात सल्लागारीवर खर्च झालेल्या पैशाशी तुलना केली, तर अधिछात्रवृत्त्यांचा खर्च किरकोळ होता. रशियातील खाजगीकरण व भांडवलबाजार यांसाठी अमेरिकन सरकारने हार्व्हर्ड विद्यापीठाच्या एका संस्थेमार्फत १९९२ पासून मोठा प्रकल्प चालविला. त्यातील सल्लागारांनी रशियात वैयक्तिक गुंतवणूक केल्याच्या आरोपांवरून तो १९९७ मध्ये थांबविण्यात आला. २००५ मध्ये विद्यापीठाने २·६५ कोटी डॉलर देऊन सरकारशी तडजोड केली. परदेशी सल्लागार येतो, अहवाल देतो व जातो. त्याच्या अहवालाचा अर्थ लावणारा, त्यातील चूक दाखविणारा स्थानिक अर्थशास्त्रज्ञ नसेल, तर सल्ला चांगला की वाईट हेही देशाला कळत नाही. ही जाणीव ज्यांना लवकर झाली, त्यांनी अधिछात्रवृत्तीचे स्थानच बदलले : माणसाला संस्थेकडे पाठविण्याऐवजी संस्था माणसाकडे आणली. प्राग, मॉस्को व कीव्ह या तीन शहरांतील प्रयोग या दृष्टीने महत्त्वाचे आहेत.

प्राग येथील केंद्राची स्थापना १९९१ मध्ये चार्ल्स विद्यापीठात झाली. तिचे प्रवर्तक यान श्वेयनार हे तरुणपणीच चेकोस्लोव्हाकिया सोडून गेलेले व प्रिन्स्टन येथे पीएच्.डी. झालेले अमेरिकेतील प्राध्यापक होते; दुसरे प्रवर्तक योसेफ झीलेनेत्स हे देशातच राहिलेले अर्थशास्त्रज्ञ, पुढे १९९२ ते १९९७ या काळात चेक परराष्ट्रमंत्री झाले. विज्ञान अकादमीची अर्थशास्त्र संस्था या केंद्राशी जोडली गेली व दोहोंच्या आद्याक्षरांवरून ‘सर्ज-ईआय’ हे नाव रूढ झाले. प्रागमधील एका रेल्वे-कंत्राटदाराने एकोणिसाव्या शतकात बांधलेल्या प्रासादात ही संस्था आहे. अमेरिकन पद्धतीचा पीएच्.डी. अभ्यासक्रम, इंग्रजी माध्यम, पहिल्या वर्षाच्या अखेरीस कठोर परीक्षा, शुल्कमाफी व निर्वाहवेतन ही तिची वैशिष्ट्ये. विद्यार्थी चेक भूमीपुरते मर्यादित नव्हते. बाल्कन देशांपासून मध्य आशियापर्यंतचे तरुण तेथे आले. अधिछात्राने काही काळ एखाद्या पाश्चात्त्य विद्यापीठात काढावा, पण त्याची नाळ प्रागशी असावी, ही या योजनेची मूळ कल्पना होय. प्रागहून घर एका रात्रीच्या गाडीच्या अंतरावर असते, हाही भाग क्षुल्लक नव्हे.

मॉस्को येथील नवी अर्थशास्त्र प्रशाला १९९२ मध्ये सुरू झाली. जेरूसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील गुर ओफेर, तसेच मध्यवर्ती अर्थशास्त्रीय-गणितीय संस्थेचे वालेरी माकारोव्ह व व्हिक्टर पोल्तेरोव्हिच हे तिचे संस्थापक. जुन्या राजवटीत गणिताच्या आडोशाने जी विद्या टिकून राहिली होती, तिच्याच वास्तूत ही प्रशाला भरू लागली. रशियातील गणित व भौतिकीचे उत्तम पदवीधर दोन वर्षांत अर्थशास्त्राकडे वळवावयाचे, असा तिचा क्रम होता. पहिल्या वर्षांत शिकविण्यास परदेशातून प्राध्यापक येत. विद्यार्थी इतके तयार होत, की त्यांतील पुष्कळ जण थेट अमेरिकन विद्यापीठांत पीएच्.डी. साठी जात, २००४ मध्ये येथून पदवी घेतलेले ओलेग इत्सखोकी यांना २०२२ मध्ये अमेरिकन अर्थशास्त्र परिषदेचे, चाळिशीच्या आतील अर्थशास्त्रज्ञासाठी असलेले, जॉन बेट्स क्लार्क पदक मिळाले. परंतु प्रशालेचे यश हाच तिच्यावरील आक्षेप होता : ती रशियासाठी अर्थशास्त्रज्ञ घडविते, की निर्यातीसाठी? या आक्षेपाला उत्तर म्हणून परतणाऱ्यांसाठी जागा निर्माण करण्यात आल्या. २००० मध्ये निघालेल्या आर्थिक व वित्तीय संशोधन केंद्रात त्यांना संशोधनाची सोय मिळाली आणि प्रशालेने आंतरराष्ट्रीय भरतीच्या बाजारात उतरून अध्यापक नेमण्यास प्रारंभ केला. एक पिढी खरोखरच परतली. २००४ ते २०१३ या काळात प्रशालेचे रेक्टर असलेले सेर्गेई गुरिएव्ह यांच्या कारकीर्दीत तिची गणना यूरोपातील चांगल्या विभागांत होऊ लागली. जुलै १९९२ नव्हे, तर सतरा वर्षांनी, जुलै २००९ मध्ये, अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी मॉस्को-भेटीतील आपले प्रमुख भाषण याच प्रशालेच्या पदवीदान-समारंभात केले, यावरून तिला मिळालेली प्रतिष्ठा लक्षात येते.

तिसरा प्रयोग, आर्थिक शिक्षण व संशोधन संघ, हा अधिछात्रवृत्तीच्या यंत्रणेच्या दृष्टीने सर्वांत उद्बोधक आहे. त्याचा नमुना अमेरिकेतून नव्हे, तर आफ्रिकेतून आला. नैरोबी येथे १९८८ मध्ये स्थापन झालेल्या आफ्रिकन आर्थिक संशोधन संघाने विखुरलेल्या संशोधकांना लहान अनुदाने व नियमित चर्चासत्रे यांच्या साहाय्याने एकत्र बांधले होते. तीच पद्धत नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर रशिया, युक्रेन आदी देशांत आणली गेली. पद्धत अशी : संशोधक दोनतीन जणांचा गट करून प्रस्ताव पाठवी. निवडक प्रस्ताव वर्षातून दोनदा भरणाऱ्या चर्चासत्रात मांडले जात; तेथे बाहेरून आलेले तज्ञ त्यांची सर्वांदेखत छाननी करीत. मान्य झालेल्या प्रस्तावास अनुदान मिळे, पण ते हप्त्यांनी. पुढील चर्चासत्रात अंतरिम अहवाल, त्यानंतर अंतिम अहवाल, त्यावर पुन्हा टीका, आणि मग प्रकाशन. ज्या विद्यापरंपरेत वरिष्ठाच्या प्रबंधावर उघड टीका करण्याचा प्रघात नव्हता, तेथे व्होरोनेझ किंवा नोव्होसिबिर्स्कच्या प्राध्यापकाला पंचविशीतील तरुणाने ‘आपली आकडेवारी आपल्या निष्कर्षाला पुरत नाही’ असे तोंडावर सांगावे, हा बदल अनुदानाच्या रकमेपेक्षा मोठा होता. शिवाय यासाठी कोणाला गाव सोडावे लागत नव्हते. प्रांतीय शहरातील अध्यापक आपली नोकरी सांभाळून, आपल्याच प्रदेशातील कारखान्यांची, कुटुंबांच्या उत्पन्नाची वा पालिकांच्या करांची माहिती गोळा करून संशोधन करू शके.

या संघाचाच दुसरा भाग म्हणून १९९६ मध्ये कीव्ह-मोहिला अकादमीत अर्थशास्त्राचा इंग्रजी माध्यमाचा एम्. ए. अभ्यासक्रम सुरू झाला. २००६ च्या सुमारास त्याचे रूपांतर कीव्ह अर्थशास्त्र प्रशालेत झाले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतील प्राध्यापक यूरी गोरोद्निचेन्को व युक्रेनचे अर्थव्यवहारमंत्री (२०१९-२०) झालेले तिमोफिय मिलोव्हानोव्ह हे या अभ्यासक्रमाचे विद्यार्थी. मिलोव्हानोव्ह यांनी अमेरिका व जर्मनी येथे अध्ययन-अध्यापन करून पुढे याच प्रशालेचे अध्यक्षपद स्वीकारले. जे परत आले नाहीत, तेही परीक्षक, सहलेखक, पाहुणे अध्यापक म्हणून प्रशालेशी बांधलेले राहिले. परतणे म्हणजे कायमचे येऊन राहणे, ही व्याख्या त्यामुळे सैल करावी लागली, आणि ते योग्यच झाले. याच धर्तीवर २००६ मध्ये त्बिलिसी येथे जॉर्जिया, आर्मेनिया व अझरबैजान या तिन्ही देशांतील विद्यार्थ्यांसाठी आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्र प्रशाला निघाली; शेजाऱ्यांत युद्ध चालू असता त्यांच्या मुलांनी एका वर्गात बसावे, हा तिचा अभ्यासक्रमाबाहेरील लाभ.

विविध प्रदेशांतील अशा संस्थांना जोडण्यासाठी जागतिक बँकेच्या पुढाकाराने डिसेंबर १९९९ मध्ये बॉन येथे जागतिक विकास जाळे स्थापन झाले. मध्य व पूर्व यूरोपासाठी प्रागची संस्था व पूर्वीच्या सोव्हिएट प्रदेशासाठी वर उल्लेखिलेला संघ त्याचे प्रादेशिक भागीदार झाले आणि त्यांच्यामार्फत संशोधन-स्पर्धा घेण्यात येऊ लागल्या. पुढे या जाळ्याचे मुख्यालय वॉशिंग्टनहून नवी दिल्लीस हलविण्यात आले. परतणाऱ्या तरुणांसाठी प्रागच्या संस्थेशी संलग्न प्रतिष्ठानाने एक वेगळ्या प्रकारची अधिछात्रवृत्ती काढली. पाश्चात्त्य पद्धतीची पीएच्.डी. घेतलेला अर्थशास्त्रज्ञ साम्यवादोत्तर देशातील विद्यापीठात नोकरी पतकरील, तर त्याच्या स्थानिक वेतनास पूरक रक्कम त्यास काही वर्षे मिळते. मोबदल्यात त्याने नवे पाठ्यक्रम तयार करून शिकवावयाचे असतात. पूर्वीची अधिछात्रवृत्ती जाण्यासाठी होती, ही राहण्यासाठी आहे. खर्चाच्या मानाने सर्वांत हितकारक प्रकार हाच, असे म्हणावेसे वाटते.

या उपक्रमांवरील टीकाही विचारात घेतली पाहिजे. एक आक्षेप असा, की त्यांनी अर्थशास्त्राची एकच, मुख्यतः अमेरिकन, शाखा रुजविली आणि साम्यवादापूर्वीच्या किंवा साम्यवादांतर्गत टीकेच्या देशी परंपरा दुर्लक्षित राहिल्या. कालेत्स्कींच्या देशातच कालेत्स्की शिकविणारे कमी झाले, ही वस्तुस्थिती आहे. दुसरा आक्षेप भाषेचा. इंग्रजी नियतकालिकांत स्वीकारला जाईल असा विषय निवडण्याची सवय लागली, की स्थानिक प्रश्न मागे पडतात आणि मंत्रालयातील अधिकारी व सामान्य वाचक यांना समजेल असे देशी भाषेतील लेखन कोणी करीत नाही. तिसरा गट सर्वांत उपेक्षित राहिला, तो पन्नाशी उलटलेल्या अध्यापकांचा. अधिछात्रवृत्त्यांच्या वयोमर्यादेत ते बसत नव्हते. आयुष्यभर शिकविलेला विषय एका वर्षात निरर्थक ठरलेला आणि निवृत्तिवेतनाची किंमत चलनवाढीने संपलेली. त्यांतील काहींनी जिद्दीने नवी पाठ्यपुस्तके वाचून ती वर्गात आणली. पुष्कळ ठिकाणी केवळ विभागाची पाटी बदलली. विद्यार्थ्यांची फार मोठी संख्या याच विभागांतून शिकत राहिली, हे प्राग वा मॉस्कोच्या यशाचे कौतुक करताना विसरता येत नाही.

पूर्वी पारपत्र देणारे सरकार अधिछात्रवृत्तीचे भवितव्य ठरवीत असे. २०१० नंतरच्या दशकात सरकारांचा हा हात पुन्हा दिसू लागला. २०१३ मध्ये, एका खटल्यासंबंधी तज्ञ म्हणून दिलेल्या मतावरून चौकशी सुरू झाल्यानंतर, गुरिएव्ह रशिया सोडून पॅरिसला गेले. २०१५ मध्ये रशियाने ‘अवांछनीय’ परदेशी संस्थांविषयीचा कायदा केला. त्या वर्षी मॅकआर्थर प्रतिष्ठानाने मॉस्कोतील कार्यालय बंद केले व सोरोस यांच्या प्रतिष्ठानावर बंदी आली. नव्या प्रशालेला प्रारंभी ज्यांनी पैसा पुरविला, त्यांत हे दोन्ही होते. हंगेरीत २०१७ च्या एका कायद्यामुळे मध्य यूरोपीय विद्यापीठाला अमेरिकन पदव्या देणे अशक्य झाले आणि २०१९ पासून त्याने आपले अध्यापन व्हिएन्नास नेले. यूरोपीय न्यायालयाने २०२० मध्ये तो कायदा यूरोपीय संघाच्या विधीशी विसंगत ठरविला, तोवर स्थलांतर होऊन गेले होते.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर सर्वंकष आक्रमण केले, तेव्हा मॉस्को व कीव्ह येथील, एकाच काळात जन्मलेल्या व बऱ्याच अंशी त्याच देणगीदारांनी पोसलेल्या, दोन्ही प्रशालांवर त्याचे भिन्न परिणाम झाले. मॉस्कोतील प्रशालेचे अनेक अध्यापक देश सोडून गेले. परतलेली पिढी दुसऱ्यांदा बाहेर पडली. कीव्हमधील प्रशालेने अध्यापन चालू ठेवले, मदतनिधी गोळा केला आणि युद्धात नष्ट झालेल्या इमारती, रस्ते, पूल व कारखाने यांच्या हानीचे मूल्यमापन हाती घेतले. आपल्या देशाची स्वतंत्रपणे मोजदाद करू शकणारे अर्थशास्त्रज्ञ तेथे उपलब्ध होते, हे पंचवीस वर्षांच्या खटाटोपाचे फळ होय.

युक्रेनियन अभ्यासकांसाठी यूरोप-अमेरिकेतील विद्यापीठांनी तातडीने तात्पुरत्या जागा देऊ केल्या. परंतु सैनिकी कायद्यान्वये १८ ते ६० वयाच्या पुरुषांना देशाबाहेर जाण्यास सामान्यतः बंदी असल्याने त्या जागा बव्हंशी स्त्री-अभ्यासकांनाच स्वीकारता आल्या. म्हणून काही संस्थांनी अनिवासी अधिछात्रवृत्त्या सुरू केल्या : अधिछात्र युक्रेनमध्येच राहतो, यजमान विद्यापीठाचे ग्रंथालय, माहितीसाठे व चर्चासत्रे त्याला संगणकावरून उपलब्ध होतात, आणि निर्वाहवेतन त्याच्या कीव्ह, ल्व्हिव्ह किंवा खार्किव्ह येथील खात्यात जमा होते. वीज असेल त्या वेळात तो काम करतो.